रेट्रोव्हायरसच्या जीनोमची जोडणी व वेष्टन

रेट्रोव्हायरस कुलातील विषाणूंचा आनुवंशिक ऐवज आर.एन.ए.च्या स्वरूपात असतो आणि प्रत्येक विषाणुकणात त्याच्या दोन प्रती परस्परांशी जोडलेल्या आढळतात. एड्सला कारणीभूत असलेल्या एच.आय.व्ही.-१ मध्ये प्रत्येक प्रत सुमारे ९,५०० न्यूक्लिओटाइड लांबीची असते. ज्या पेशीत विषाणुकण तयार होतो तेथे यजमानाच्या संदेशक आर.एन.ए.ची मोठी गर्दी असते. तीतून स्वतःचेच आर.एन.ए., आणि तेही नेमके दोन, कसे निवडले जातात? प्रश्नाला आणखी एक पदर आहे. विषाणूचा हाच अखंड आर.एन.ए. गॅग व पोल या प्रथिनांचा संदेशकही असतो. तेव्हा राइबोसोमकडे कोणता रेणू जाणार आणि विषाणुकणात कोणता, हेही ठरावे लागते.

जोडणीचे स्थान रेणूच्या आरंभीच्या टोकाजवळ आहे. तेथील एका फासात सहा न्यूक्लिओटाइडांचा स्वपूरक अनुक्रम असतो. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलट वाचले तरी तेच राहते. येथे मात्र अनुक्रमाची पूरक साखळी उलट दिशेने वाचली असता मूळ अनुक्रम मिळतो. म्हणूनच दोन समान प्रतींचे फास एकमेकांत गुंततात. एच.आय.व्ही.-१ च्या ‘बी’ उपप्रकारात हा अनुक्रम सामान्यतः जी-सी-जी-सी-जी-सी असा, तर भारतात प्राबल्य असलेल्या ‘सी’ उपप्रकारात जी-यू-जी-सी-ए-सी असा असतो. हे दोन परस्परांशी पूर्णपणे जुळत नाहीत. परिणामी एकाच पेशीत दोन्ही उपप्रकार शिरले तरी त्यांची मिश्र जोडी सहजासहजी बनत नाही.

निवडीचे काम गॅग प्रथिन करते. त्याच्या न्यूक्लिओकॅप्सिड भागात जस्ताचा अणू धरून ठेवणाऱ्या दोन गाठी असतात व त्या आर.एन.ए.वरील ‘साय’ नावाच्या संकेताला चिकटतात. या संकेताचा काही भाग छाटणीच्या जागेपलीकडे असल्याने छाटलेल्या आर.एन.ए.मध्ये तो उरत नाही. साय काढून टाकल्यास विषाणुकण रिकामे राहत नाहीत. त्यांत यजमानाचे आर.एन.ए. भरले जातात. हे निरीक्षण बोलके आहे. आर.एन.ए. भरणे गॅगला अवघड नाही, योग्य तो ओळखणे अवघड आहे.

संदेशक की जीनोम, या प्रश्नाचे उत्तर २०१६ व २०२० मधील संशोधनातून पुढे आले, आणि ते अनपेक्षितपणे साधे आहे. विषाणूच्या डी.एन.ए.वरील लागोपाठच्या तीन ग्वानिनांपैकी कोणत्याही एकापासून प्रतिलेखन सुरू होऊ शकते. आरंभी एकच ग्वानिन असल्यास टोकावरील टोपी घडीत झाकली जाते, जोडणीचा फास उघडा पडतो आणि गॅगला चिकटण्याच्या जागा मोकळ्या होतात. असे रेणू विषाणुकणात जातात. दोन किंवा तीन ग्वानिन असल्यास टोपी उघडी राहते, फास दडतो व रेणू प्रथिननिर्मितीस उपयोगी पडतो. सुमारे साडेनऊ हजारांच्या साखळीचे भवितव्य एकदोन न्यूक्लिओटाइडांवर ठरावे, हे नवलच म्हणावे लागेल.

दोन प्रती बाळगण्याचा लाभ पुढील पेशीत दिसतो. व्युत्क्रम प्रतिलेखन करणारे विकर एका प्रतीवरून दुसरीवर उडी मारते. एक साखळी तुटलेली असली तरी काम पुढे सरकते. परंतु दोन्ही प्रती भिन्न असल्यास संकरित जीनोम तयार होतो. वेगवेगळ्या औषधांना दाद न देणारी उत्परिवर्तने अशा रीतीने एकाच विषाणूत एकवटू शकतात. असे असूनही एच.आय.व्ही.विरोधी संमत औषधांपैकी एकही साय संकेतावर घाव घालणारे नाही.

जनुकोपचाराने मात्र याच यंत्रणेचा उपयोग करून घेतला आहे. इष्ट जनुक वाहणाऱ्या आर.एन.ए.वर साय ठेवला जातो, तर विषाणूची प्रथिने पुरवणाऱ्या डी.एन.ए.मधून तो वगळला जातो. त्यामुळे कणात जनुक शिरते, पण विषाणूची प्रजननक्षमता शिरत नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त व टाटा स्मारक केंद्रात विकसित होऊन २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ या रक्तकर्करोगावरील उपचारात रुग्णाच्या टी-पेशींमध्ये नवे जनुक पोहोचवण्यासाठी अशाच लेंटिव्हायरस वाहकाचा उपयोग केला जातो.