लक्ष्मीकांत बेर्डे यांचा 'एक होता विदूषक' पुन्हा पाहायलाच हवा

लक्ष्या म्हटलं की 'अशी ही बनवाबनवी', 'धडाकेबाज', 'झपाटलेला' हे लगेच आठवतात. १९९२चा 'एक होता विदूषक' मात्र फार कमी जणांच्या तोंडी येतो.

दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन पु. ल. देशपांडे, गीतं ना. धों. महानोर आणि संगीत आनंद मोडक! १९५३च्या 'गुळाचा गणपती'नंतर इतक्या वर्षांनी पुलंनी पुन्हा चित्रपटासाठी लेखणी उचलली होती.

आबुराव हा तमाशातल्या कलावंतिणीचा मुलगा. बोर्डावरचा हा सोंगाड्या सिनेमाचा नट होतो, पुढे राजकारणाच्या जाळ्यात ओढला जातो. साऱ्यांना हसवणाऱ्या या माणसाच्या लेकीच्या चेहऱ्यावर मात्र हसू नाही. बेर्डे इथे विनोदाचं अचूक टायमिंग सोडत नाहीत, पण त्याच चेहऱ्यावर एकटेपण आणि अपराधीपणही दाखवतात. आईच्या भूमिकेतल्या मधू कांबीकरही अप्रतिम!

सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांचाही गौरव झाला. तरीही सिनेमा विस्मरणात गेला.

माझ्या मते ही बेर्डे यांची सर्वोत्तम भूमिका आहे. नक्की पाहा आणि तुम्हाला काय वाटलं ते कळवा.