घड्याळाविरुद्धची शर्यत

समोरून जोराचा वारा येत असताना सायकल चालवण्याचा अनुभव तुम्ही कधी ना कधी घेतलाच असेल. रस्ता सपाट असतो, सायकलही रोजचीच असते; तरी पायडल जड लागते. अशा वेळी आपण नकळत मान खाली घालतो, कोपरे वाकवतो आणि हँडलवर ओणवे होतो. लगेच थोडे हलके वाटते. कोणीही न शिकवता आपल्या शरीराने शोधून काढलेला हा उपाय एका संपूर्ण क्रीडाप्रकाराचा पाया आहे. त्या प्रकाराला 'टाइम ट्रायल' असे म्हणतात.

सायकल शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सायकलस्वारांचा मोठा जथा उभा राहतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणारे स्पर्धक एकत्र निघतात, एकमेकांच्या आडोशाला राहून दम राखतात आणि योग्य क्षणी पुढे मुसंडी मारतात. टाइम ट्रायलमध्ये असे काही नसते. ठरावीक अंतराने, बहुधा एका मिनिटाने, एकेक स्पर्धक सोडला जातो. नेमलेले अंतर ज्याने सर्वांत कमी वेळात कापले, तो विजयी. पुढच्या स्पर्धकाला गाठले तरी त्याच्या पाठीमागे आडोसा घेण्यास मनाई असते. फ्रेंच भाषेत या शर्यतीला 'घड्याळाविरुद्ध' अशाच अर्थाचे नाव आहे.

या प्रकाराला इंग्लंडमध्ये बळ मिळाले ते एका बंदीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे रस्त्यावरील सामुदायिक शर्यतींना विरोध होऊ लागला. तेव्हा एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ मध्ये एकेक स्वार सोडण्याची पद्धत सुरू केली. स्पर्धक पहाटे निघत, गडद रंगाचे साधे कपडे घालत आणि शर्यतीचा मार्ग सांकेतिक अक्षरांनी व अंकांनी ओळखला जाई. शर्यत चालू आहे हे रस्त्यावरच्या पोलिसाच्या लक्षात येऊ नये, हा त्यामागील हेतू! मार्गांना सांकेतिक नावे देण्याची प्रथा तेथे आजही टिकून आहे.

आता पुन्हा वाऱ्याकडे वळू. वारा पडलेला असला तरी वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला समोरची हवा बाजूला सारावी लागते. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला ताशी ३३ किलोमीटर गाठायचे असेल, तर हवेला तोंड देण्यासाठी सुमारे एकतृतीयांश शक्ती अधिक लावावी लागते. केवळ तीन किलोमीटरसाठी ही किंमत फार मोठी आहे. शिवाय या विरोधाचा मोठा वाटा सायकलचा नसून तिच्यावर बसलेल्या माणसाच्या शरीराचा असतो. म्हणूनच बळ वाढवण्याइतकेच, किंबहुना सुरुवातीला त्याहूनही अधिक, महत्त्व स्वतःला 'लहान' करण्याला आहे.

याची सर्वांत गाजलेली साक्ष २३ जुलै १९८९ रोजी पॅरिसमध्ये मिळाली. सुमारे ३,२८५ किलोमीटरच्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीचा तो शेवटचा दिवस होता. व्हर्साय ते पॅरिस हे २४.५ किलोमीटरचे अंतर टाइम ट्रायल पद्धतीने कापायचे होते. फ्रान्सचा लॉराँ फिन्याँ ५० सेकंदांनी आघाडीवर होता. एवढ्या लहान अंतरात ही आघाडी जाणार नाही, असे बहुतेकांना वाटत होते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हँडलला पुढे आलेल्या दोन दांड्या बसवल्या होत्या. त्यांवर हात टेकले की कोपरे जवळ येत आणि पाठ आडवी होई. डोक्यावर मागे निमुळते होत जाणारे शिरस्त्राण होते. फिन्याँ मात्र उघड्या डोक्याने, साधे हँडल धरून निघाला; त्याची केसांची शेंडी वाऱ्यावर उडत होती. लेमाँडने ते अंतर २६ मिनिटे ५७ सेकंदांत कापले. फिन्याँला ५८ सेकंद जास्त लागले आणि तीन आठवड्यांची शर्यत त्याने अवघ्या ८ सेकंदांनी गमावली. या शर्यतीच्या इतिहासात याहून कमी फरकाने निकाल लागलेला नाही. फिन्याँला त्या दिवशी बैठकीच्या जागी झालेल्या जखमेचा त्रास होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. सगळे श्रेय दोन दांड्यांना देणे बरोबर नाही.

मग नवशिक्याने प्रथम काय विकत घ्यावे? शक्यतो काहीच नाही. या खेळासाठी खास सायकली मिळतात. त्यांची सीट पुढे सरकलेली असते, पुढचे चाक खोल कडांचे आणि मागचे चाक थाळीसारखे बंद असते. किंमतही भरमसाट असते. ही सामग्री उपयोगाची आहे, पण तिची पाळी शेवटी येते. आधी आहे त्या सायकलची सीट योग्य उंचीवर आणा. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. म्हणजे पावलाच्या पुढच्या भागाने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. टायरमध्ये पुरेशी हवा भरा, चेन स्वच्छ करून तिला तेल द्या, कॅरिअर आणि स्टँड काढून ठेवा. फडफडणारा सदरा टाळून अंगाला चिकटून बसणारे कपडे घाला. डोके सांभाळणारे शिरस्त्राण मात्र पहिल्या दिवसापासून हवे. पुढे खर्च करावासा वाटला, तर हँडलवर बसवायच्या जोड-दांड्या घ्याव्यात. त्यांवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात. म्हणून गर्दीच्या रस्त्यावर त्यांचा वापर कधीही करू नये. पाठ इतकीही वाकवू नये की श्वास कोंडेल. जी बैठक अर्धा तास टिकत नाही, ती कितीही सुबक दिसली तरी कामाची नाही.

पैशाविना काय साधते, हे स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने दाखवून दिले. त्याने आपली सायकल स्वतःच बनवली आणि तीत धुलाईयंत्राचे बेअरिंग बसवले. हात छातीखाली दुमडून बसण्याची त्याची रीत पाहून अनेकजण हसले. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेत, बंदिस्त धावपट्टीवर एका तासात अधिकाधिक अंतर कापण्याचा त्याचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा उतरला आणि त्याने ५१.५९६ किलोमीटरचा विश्वविक्रम केला. आठवड्याभरातच ख्रिस बोर्डमनने तो मोडला आणि १९९४ मध्ये ओब्रीच्या बैठकीवरही बंदी आली. तासाचा हा विक्रम २०२२ मध्ये इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किलोमीटरपर्यंत नेला.

सरावाची घाई करू नये. पहिले दीड-दोन महिने आठवड्यातून तीन-चार दिवस, सोबत्याशी बोलता येईल इतक्या सहज वेगाने सायकल चालवावी. त्यानंतर आठवड्यातला एक दिवस कठीण सरावाला द्यावा. पाच मिनिटे जोराने आणि पाच मिनिटे सावकाश, असे चार वेळा करावे. 'जोराने' म्हणजे जीव तोडून नव्हे. दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, इतकेच. हळूहळू हा काळ वाढवत वीस मिनिटांचे दोन टप्पे साधतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यावी. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीतच.

शर्यतीच्या दिवशी सर्वाधिक चुका पहिल्या तीन मिनिटांत होतात. शरीर ताजे असते, मन उतावीळ असते आणि निम्म्या वाटेवरच दम संपतो. त्यासाठी आधी पंधरा-वीस मिनिटे अंग गरम करावे आणि सुरुवात 'फारच सोपी' वाटेल अशी ठेवावी. वाऱ्याचा हिशेबही नीट समजून घ्या. समजा, दहा किलोमीटर जाऊन परत यायचे आहे. जाताना पाठीवर वारा असल्याने वेग ताशी ४० किलोमीटर मिळाला आणि येताना तो ३० झाला, तर एकूण वेळ ३५ मिनिटे लागेल. दोन्ही वेळा वेग ३५ ठेवता आला असता, तर सुमारे ४३ सेकंद वाचले असते. सावकाश चाललेल्या टप्प्यात आपण अधिक वेळ असतो. म्हणून तेथे गमावलेला वेळ वेगवान टप्प्यात भरून निघत नाही. यासाठी चढावर आणि समोरच्या वाऱ्यात थोडा अधिक जोर लावावा, तर उतारावर आणि पाठीमागच्या वाऱ्यात थोडी उसंत घ्यावी.

आपल्या परिसरात वर्दळ नसलेला दहा किलोमीटरचा एक रस्ता निवडा. दर तीन आठवड्यांनी, शक्यतो सकाळी, त्याच रस्त्यावर आपला वेळ मोजा. वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि आदल्या रात्रीची झोप यांची नोंद करा. एखाद्या दिवशी वेळ वाढलेला दिसला, तर आधी वाऱ्याचा रकाना पाहा.