घरच्या दाराची परीक्षा

कामोठें येथील आमच्या बिऱ्हाडीं गेल्या महिन्यांत एक वाद उपस्थित झाला. नातवास घरच्या राउटरवर 'ओपनडब्ल्यूआरटी' या मुक्त प्रणालीची प्रायोगिक आवृत्ति चढवावयाची होती. सूनबाईंचें कचेरीचें काम मात्र त्याच राउटरवर चालतें. निवाडा मजकडे आला.

ही प्रणाली २००४ सालापासून चालत आली आहे. तिची घडण कोणासहि वाचतां व सुधारतां येते. त्यामुळें निर्मात्यानें दुर्लक्षिलेल्या यंत्रासहि पुष्कळदां नवें आयुष्य लाभतें. नातवाची जिज्ञासा व्यर्थ नव्हती.

परंतु जोखीमहि होती. जुन्या आयपीव्ही४ पद्धतींत पत्ते सुमारें ४२९ कोटि. त्यांचा मध्यवर्ती सांठा २०११ सालीं संपला. त्या टंचाईमुळें सारें घर एकाच पत्त्याआड राहतें. नव्या आयपीव्ही६ पद्धतींत पत्ता १२८ बिटांचा असून प्रत्येक उपकरणास स्वतःचा जागतिक पत्ता मिळूं शकतो. तो आडोसा गेला, कीं पहारा 'फायरवॉल'चाच.

मीं तीन अटी घातल्या. प्रयोग अडगळींतल्या जुन्या राउटरवर करावा. मूळ प्रणालीची प्रत आधीं जपून ठेवावी. आणि घरच्या राउटरकडील बाजू त्या यंत्रास 'बाहेर' ठरत असल्यानें, तिकडून दार ठोठावून तें बंद असल्याची खात्री करावी.

दुसऱ्याच दिवशीं नातवानें एक मांडणी चुकविली व यंत्र मुकें झालें. 'फेलसेफ' मार्गानें त्यानें तें पुन्हां बोलतें केलें. सूनबाईंस याचा पत्ताहि लागला नाहीं!

पुढें आयपीव्ही६ वरूनहि दार बंदच आढळलें. नव्याची हौस मुलांनीं धरावी. परतीची वाट राखण्याची संवय मात्र वडिलांनीं लावून द्यावी.