बारुदाचे शिंग

ठासणीच्या बंदुकीची दारू कोरडी ठेवणारे शिंग हे एके काळी शिपायाच्या आणि शिकाऱ्याच्या खांद्याला लटकणारे रोजचे सामान होते. आज त्याला लष्करी वस्तूंच्या संग्रहात मानाची जागा मिळते. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात आणि त्यापलीकडच्या जंगलपट्ट्यात ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी किंवा छर्रे टाकायचे आणि गजाने ठासायचे. दारूत साधारण ७५ भाग शोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ओल लागली की बार फुसका जातो. वैनगंगेकाठच्या पावसाळ्यात शिंगाइतके सोयीचे भांडे सापडणे कठीण होते. त्यात पाणी मुरत नाही, ते ठिणगी पाडत नाही आणि हातातून निसटले तरी सहसा फुटत नाही.

मात्र कोणतेही शिंग चालत नाही. बैल, म्हैस, रानगवा, काळवीट यांचे शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावरचे पोकळ आवरण असते. चितळ-सांबराचे शिंग भरीव हाडाचे असून ठरावीक काळाने गळून पडते. युरोपातल्या कारागिरांनी तेही कोरून वापरले, पण त्यात मेहनत फार. पोकळ शिंग उकळून आतला खुंट सैल करून काढतात. रुंद तोंडात लाकडी बूच बसवून खिळे मारतात, टोक कापून भोक पाडतात आणि त्याला गुडदी लावतात. शिंग खरवडून पातळ केले तर उजेडात आतली दारू किती उरली तेही दिसते. बंदुकीच्या कानावर टाकायच्या बारीक दारूसाठी, म्हणजे रंजकासाठी, वेगळी लहान कुपी असे.

कोरीव शिंगांची खरी भरभराट अमेरिकेत १७५५ ते १७८३ या युद्धकाळात झाली. चाकूच्या टोकाने रेघा ओढून त्यांत काजळी चोळत. मालकाचे नाव, साल, किल्ले, नद्या, छावणीची वाट हे सगळे वीतभर वक्र पृष्ठभागावर मावे. साध्या सैनिकाच्या हातचा नकाशा म्हणून इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात अशा शिंगांचा संग्रह असून स्टीफन ग्रान्सी यांचा या विषयावरचा ग्रंथ १९४५ मध्ये निघाला. मोगल काळातल्या हस्तिदंती कुप्या वेगळ्या वळणाच्या. त्यांवर एकमेकांतून निघणारी हरणे, सिंह, पक्षी असतात. कारागिरी अप्रतिम, पण वापरणारा कोण हे त्यांवरून सहसा कळत नाही. लष्करात कागदी काडतुसांनी शिंगाची गरज हळूहळू संपवली. ज्यांवरून १८५७ च्या उठावाचा भडका उडाला ती एनफिल्ड रायफलची काडतुसेही कागदीच होती.

नकली माल ओळखताना जुनेपणा आणि कोरीवकाम वेगवेगळे तपासावे लागते, कारण जुन्या साध्या शिंगावर नवी नक्षी कोरून किंमत वाढवली जाते. अस्सल रेघेच्या कडा हाताळून बोथट झालेल्या असतात. अंगाला घासणारी बाजू जास्त गुळगुळीत होते. लाकडी बूच आकसते, खिळ्यांभोवती गंजाचा डाग पडतो. नव्या रेघेची कड बोटाला खरखरीत लागते आणि झिजलेल्या भागावरही ती तितकीच ठसठशीत दिसते. शिंगाला कसर लागते, म्हणून अळीची भोकेही पाहावीत. आत जुनी दारू उरलेली असू शकते. ज्योत जवळ नेणे किंवा खिळे ठोकून काढणे जिवावर बेतेल.

भारतात असे शिंग घेण्याआधी किंवा विकण्याआधी कायदा पाहावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ती परदेशी पाठवता येत नाही. रानगवा किंवा काळवीट यांच्या शिंगाला आणि हस्तिदंताला १९७२ चाच वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. म्हशी-बैलाच्या शिंगाला ही अडचण नाही, मात्र शिंग कोणाचे हे जाणकाराकडून ठरवून घ्यावे.

गडचिरोलीत पोलिसांच्या आवाहनानंतर गावकऱ्यांनी भरमार बंदुका जमा केल्या आहेत. बंदूक नोंदीत येते, सोबतचे साधे, न कोरलेले शिंग सहज मागे पडते. ते कोणत्या गावचे, कोणत्या घरचे, कशासाठी वापरले, हे त्याच वेळी लिहून ठेवले तर नक्षी नसलेले शिंगही संग्रहालयात ठेवण्याजोगे ठरते.