अंगणवाडीत फक्त खिचडी नसते

"अंगणवाडीत काय, खिचडी तर खायची!" असं गटाच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. मग पोर खाऊच्या वेळेपुरतं जातं, नाहीतर डबाच घरी येतो. यात मुलाचं काय बुडतं, ते बघू.

मुलं गोल करून बडबडगीतं म्हणतात, त्यातून शब्द येतात, बोलायची भीड मोडते. चिंचोके आणि खडे वेगळे मांडताना कमी-जास्त कळतं. गणिताची ती सुरुवात. मातीचे गोळे वळून बोटांत जोर येतो, तो पुढे पेन्सिल धरायला लागतो. म्हणून तीन वर्षांच्या मुलामागे लिहिण्याची घाई लावू नका.

ही रीत आपल्याच मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांच्या अंगणातच वर्ग भरवला.

वजनाच्या दिवशी नुसतं "किती भरलं?" विचारू नका. तक्त्यावरची रेघ वर जाते का, ते सेविकाताईंना दाखवायला सांगा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण. लगेच दवाखाना गाठा. आणि तिथला आहार पूरक आहे, घरचं जेवण चुकवू नका.

रोजगारावर जाणाऱ्या बायांची मुलं वेळेवर कोण पोचवणार? गटात पाळ्या लावा. हप्त्याइतकंच हेही नेमाने करा.