पाण्यातून हायड्रोजन : घरगुती यंत्राचा हिशेब

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतून एक उपकरण हमखास मांडलेले दिसते. पाण्याने भरलेले एक भांडे, त्यात बुडविलेल्या दोन पट्ट्या, बाजूला बॅटरी आणि पाण्यातून अखंड वर येणारे बुडबुडे. शेजारच्या फलकावर 'पाण्यापासून इंधन' असे लिहिलेले असते. पाणी हे दोन वायूंचे बनलेले आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविणारा याहून सोपा आणि स्वस्त प्रयोग क्वचितच सापडेल. मात्र फलकावरील ते दोन शब्द तपासून पाहणे आवश्यक आहे. त्याच शब्दांच्या आधारे मोटारीला, शेतावरील इंजिनाला किंवा स्वयंपाकघरातील शेगडीला जोडावयाची यंत्रे विकली जातात, आणि चित्रफिती पाहून ती घरच्या घरी तयार करण्याचा खटाटोपही अनेकजण करतात. त्यात पैसा जातोच. प्रसंगी डोळे आणि हातही गमवावे लागतात.

या प्रयोगाचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६६ मध्ये या ज्वालाग्राही वायूचे गुणधर्म वर्णन केले. तो जळाल्यावर पाणी तयार होते, म्हणून फ्रान्समधील लाव्हाझिए यांनी त्याला 'जलजनक' या अर्थाचे हायड्रोजन हे नाव दिले. १८०० मध्ये व्होल्टा यांच्या विद्युत्घटाची वार्ता इंग्लंडमध्ये पोहोचताच निकल्सन आणि कार्लाइल यांनी त्या विजेने पाण्याचे विघटन करून दाखविले. पुढे मायकेल फॅरडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास या क्रियेचे नियम बसविले. किती वीज वाहिली, यावर किती वायू निघणार हे ठरते. यंत्राचा आकार, नळ्यांची मांडणी वा निर्मात्याची युक्ती यांचा त्यात काहीही वाटा नसतो. सगळ्या हिशेबाची किल्ली येथेच आहे.

शिक्षकांनी हे उपकरण जरूर करावे. पसरट काचेच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घेऊन त्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून सोड्याची योजना. मीठ मात्र वापरू नये, कारण मिठाच्या पाण्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. विद्युत्अग्रांसाठी पेन्सिलीतील शिसे किंवा कार्बनच्या कांड्या चालतात. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या पुष्कळजण सुचवितात, परंतु धनाग्राकडील पोलाद झिजून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरू शकतात. तेव्हा वर्गात त्या टाळलेल्या बऱ्या. टॉर्चचे चार ते सहा सेल एकसर जोडणीत जोडावेत. घरगुती जोडणीची २३० व्होल्टची वीज कोणत्याही परिस्थितीत या भांड्याजवळ आणू नये. प्रत्येक अग्रावर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी घातली, की ऋणाग्रावरील नळीत हायड्रोजन आणि धनाग्रावरील नळीत ऑक्सिजन जमू लागतो.

येथपर्यंतचे सर्व पाठ्यपुस्तकात असते. खरे शिक्षण मोजण्यापासून सुरू होते. मंडलात अँपिअरमापक जोडून वेळ नोंदवावी. ०.२ अँपिअरचा प्रवाह पंधरा मिनिटे वाहिला तर साधारण तापमानास सुमारे २३ मिलिलिटर हायड्रोजन मिळतो, म्हणजे एक परीक्षानळी जेमतेम भरते. ऑक्सिजन त्याच्या निम्मा यावयास हवा, परंतु तो थोडा पाण्यात विरघळतो व थोडा कार्बनशी संयोग पावतो, म्हणून काहीसा कमीच भरतो. असे का झाले, हा प्रश्न विद्यार्थ्यांना अवश्य टाकावा. हायड्रोजनची नळी तोंड खाली ठेवून बाहेर काढावी व शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांवर चष्मा लावून, जळती काडी तोंडाशी न्यावी; 'फट्' असा आवाज होतो. नळीएवढ्या वायूपलीकडे जाऊ नये, आणि दोन्ही वायू एका भांड्यात कधीही जमवू नयेत.

ही शेवटची सूचना काटेकोरपणे पाळावयाची आहे. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी मिश्रण पेट घेते. पेट्रोलच्या वाफेच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे दीड ते साडेसात टक्के एवढीच आहे. त्याला पेटविण्यास अंगावरील कपड्यांच्या घर्षणाची ठिणगीही पुरते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. बाजारात मिळणाऱ्या वा घरी केलेल्या पुष्कळशा यंत्रांत दोन्ही वायू एकाच नळीतून बाहेर पडतात. स्फोटाला सर्वांत अनुकूल असे दोनास एक हे प्रमाण तेथे आपोआप साधलेले असते. जत्रेतील काही फुगेवाले कॉस्टिक सोडा आणि अॅल्युमिनियमचे तुकडे सिलिंडरमध्ये घालून हाच वायू जागेवर तयार करतात, आणि असे सिलिंडर फुटून माणसे दगावल्याचे प्रकार आपल्या देशात घडले आहेत. यात्रेची व्यवस्था पाहणाऱ्या पंचायत सदस्यांनी इकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

गावपातळीवर हायड्रोजन तयार करण्याचा गंभीर प्रयत्न झालाच नाही असे नाही. डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथील लोकशाळेत पोल ला कूर नावाचे शिक्षक होते. सरकारी साहाय्याने त्यांनी १८९१ मध्ये तेथे पवनचक्की उभारली. वारा असेल तेव्हा वीज मिळे, नसेल तेव्हा नाही. म्हणून त्या विजेने पाण्याचे विघटन करून त्यांनी हायड्रोजन टाकीत साठविला आणि १८९५ ते १९०२ या काळात त्यावर शाळेतील दिवे चालविले. एवढ्या जाणत्या माणसाच्या हाताखालीही हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळून स्फोट झाले आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा पुनःपुन्हा बसवाव्या लागल्या. वाऱ्याची वीज साठविण्याचे साधन म्हणून ला कूर हायड्रोजनकडे पाहत होते, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ऊर्जा वाऱ्याची होती, पाण्याची नव्हे. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. चुलीतील राख पुन्हा पेटवून स्वयंपाक होत नाही, तसेच हे.

आता स्वयंपाकघराचा हिशेब पाहू. १४.२ किलोग्रॅमच्या गॅस सिलिंडरमध्ये विजेच्या मापाने सुमारे १८० युनिट ऊर्जा असते. तेवढ्याच ऊर्जेसाठी ५.४ किलोग्रॅम हायड्रोजन लागेल. पाणी केवळ ४९ लिटर लागते, हे ऐकून माणूस हुरळतो. परंतु उत्तम कारखानी यंत्रालाही एक किलोग्रॅम हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. घरी केलेल्या यंत्रात दर घटाला अडीच ते तीन व्होल्ट खर्ची पडत असल्याने हाच आकडा ६५ ते ८० युनिटांवर जातो. म्हणजे एका सिलिंडरच्या बदल्यात ३५० ते ४३० युनिट! तीच वीज थेट विजेच्या शेगडीला दिली तर १८० युनिटांच्या आतच तेवढा स्वयंपाक होईल. शिवाय हा वायू न दाबता ठेवावयाचा तर वीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी आख्खी खोली त्याने भरेल.

मोटारीला जोडावयाच्या यंत्राची गत याहून वाईट आहे. सहा घट एकसर जोडून १२ व्होल्टच्या बॅटरीतून २० अँपिअर प्रवाह तासभर घेतला, तर साडेचार ग्रॅम हायड्रोजन निघतो. त्यातील ऊर्जा सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोलइतकी. ही वीज मात्र इंजिनाने फिरविलेल्या जनित्रातून येते, आणि वाटेतील घट धरली तर तिच्यासाठी सुमारे २०० मिलिलिटर पेट्रोल जळते. अमेरिकेच्या ओहायो राज्यात स्टॅन्ली मेयर यांनी पाण्यावर मोटार चालविल्याचा दावा केला होता. त्यात पैसे गुंतविलेले दोघेजण न्यायालयात गेले, तज्ज्ञांनी यंत्र तपासले, आणि ते नेहमीचेच विद्युत् अपघटन असल्याचे आढळून आले. १९९६ मध्ये न्यायालयाने ही फसवणूक ठरवून २५,००० डॉलर परत करण्याचा आदेश दिला.

याचा अर्थ विजेने पाणी फोडणे निरर्थक आहे असा मात्र नव्हे. भाक्रा धरणाच्या स्वस्त विजेवर पंजाबातील नांगल येथील खत कारखान्यात १९६०च्या दशकात याच रीतीने हायड्रोजन तयार होई व त्यापासून अमोनिया बनविला जाई. तेथे हायड्रोजन रासायनिक कच्चा माल म्हणून हवा होता. आज खत आणि पोलाद उद्योगांसाठी सौर व पवन विजेपासून हायड्रोजन मिळविण्याचा विचार याच दिशेने होत आहे. केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये आपले धोरण जाहीर केले. या प्रकल्पांत वायू वेगळे ठेवणारे पडदे, गळती ओळखणारी यंत्रे आणि शिकलेले कर्मचारी असतात. बादलीतील यंत्राशी त्यांचे नाते केवळ तत्त्वापुरते आहे.

पाण्यावर चालणाऱ्या दिव्याचा, शेगडीचा वा पंपाचा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे आला, तर विक्रेत्याला दोनच गोष्टी कराव्यात असे सांगावे. यंत्राला जाणाऱ्या विजेवर मीटर बसवावा, आणि यंत्रातून मिळालेल्या ऊर्जेने किती पाणी किती अंशांनी तापते ते सर्वांसमक्ष मोजावे. एक युनिट विजेने दहा लिटर पाणी सुमारे ८६ अंश सेल्सिअसने तापावयास हवे. गावातील माध्यमिक शाळेचे विज्ञान शिक्षक हे मोजमाप एका दुपारी करू शकतील. विक्रेता त्यास तयार नसेल, तर ठराव मांडण्याचे कारण उरत नाही.