शंभरी मोजायची कुठून?

फैजपूरचे नाव काढले की खानदेशी माणूस थेट १९३६ वर येतो. त्या वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदा शहर सोडून खेड्यात भरले, ते इथे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, धावपळ धनाजी नाना चौधरींची, आणि गावोगाव फिरून लोकांना हाक देणारे साने गुरुजी. गावाला आपले साल पाठ आहे, कारण ते लिहून ठेवणारे पुष्कळ होते. याच पट्ट्यात, भुसावळ-जळगाव-चाळीसगावपासून पश्चिमेला पार नंदुरबार-नवापूरपर्यंत, ख्रिस्ती मंडळ्या आहेत. खानदेशात मिशनचे काम रुजून शंभर वर्षे कधीच उलटली. या मंडळ्यांची तारीख मात्र विचारावी लागते, आणि विचारली की वाद सुरू होतो.

वाद असा, की शंभर वर्षे मोजायची कुठून? पहिला मिशनरी गावात उतरला तिथून? पहिला बाप्तिस्मा झाला तिथून? चर्चच्या इमारतीची कोनशिला बसली तिथून? की ‘आम्ही एक मंडळी आहोत’ असे म्हणून लोकांनी नावे लिहिली त्या दिवसापासून? बहुधा कोनशिला जिंकते. दगडावर साल कोरलेले असते, त्याच्याशी भांडता येत नाही. पण दगड बसला तेव्हा आत बसणारी माणसे आधीपासून होतीच ना!

या प्रश्नाला बाप्तिस्ट लोकांकडे सरळ उत्तर आहे, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो. १६०९ च्या सुमारास इंग्लंडमधून परागंदा होऊन अ‍ॅमस्टरडॅमला राहिलेल्या जॉन स्मिथ यांच्या गटात हा पंथ आकाराला आला. त्यांचे म्हणणे मोजकेच. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच तो द्यायचा. पुढे पाण्यात पूर्ण बुडवून तो देण्याची रीत पंथात पक्की झाली. प्रत्येक मंडळी आपल्या घरची मालक. वर बिशप नाही, पाळक सभासदांनी निवडायचा. अशा पंथात मंडळीचा जन्म होतो तो सभासदांनी एकमेकांना शब्द दिला त्या दिवशी, मग ते झाडाखाली जमलेले का असेनात. इमारत वीस वर्षांनी झाली तरी वर्धापनदिन बदलत नाही. मला हा हिशेब पटतो, आणि खानदेशातल्या मंडळ्यांनी तोच धरावा असे वाटते.

खानदेशात आणि बाप्तिस्टांत कसला संबंध, असे कोणी विचारील. इथल्या जुन्या मंडळ्यांच्या पाट्यांवर बहुधा ‘अलायन्स’ हे नाव दिसते. पण रीत पाहा. अलायन्स मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्पसन हे न्यूयॉर्कमधले प्रेस्बिटेरियन पाळक. त्यांच्या पंथात लहानग्यांचा बाप्तिस्मा चालतो. तरी १८८१ साली त्यांनी स्वतः पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि काही दिवसांत आपली बड्या लोकांची मंडळी सोडली. १८८७ मध्ये त्यांनी उभारलेल्या संघटनेची माणसे वऱ्हाडात अकोल्याला आली, खानदेशात भुसावळला आली. भुसावळ म्हणजे रेल्वेचे मोठे जंक्शन. मुंबईची गाडी इथून एकीकडे नागपूरला, दुसरीकडे जबलपूरला फुटते. मिशनऱ्यांना अशी गावे सोयीची. अकोल्याच्या जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालअपेष्टांवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९०० साली निघाले, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. त्याच साली जेनीबाई वारल्या.

पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन लोक आले. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश प्रचारकाने १८९० मध्ये शिकागोत सुरू केलेल्या मिशनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या भागात पाय रोवला. नवापूरकडे मावची आणि इतर भिल्ल समाजात त्यांचे काम वाढले, चिंचपाड्याला रुग्णालय उभे राहिले. त्या मुलखातल्या कित्येकांना मिशन आठवते ते त्या दवाखान्यामुळेच. या मिशनांचीही रीत तीच, आधी विश्वास, मग पाणी.

मिशनांनी मुलूख वाटून घेतला होता. एकाच्या तालुक्यात दुसऱ्याने जायचे नाही, असा समजुतीचा करार. त्यामुळे अहमदनगरकडचा माणूस काँग्रिगेशनल झाला, कोल्हापूरचा प्रेस्बिटेरियन, औरंगाबादचा अँग्लिकन, भुसावळचा अलायन्सवाला. धर्मशास्त्राचा विचार करून पंथ निवडलेला माणूस विरळा; बहुतेकांचा पंथ तालुक्याने ठरवला. युरोपात ज्या मुद्द्यांवर डोकी फुटली, तुरुंग भरले, ते मुद्दे इथे हद्दीच्या खुणांसारखे आले. आणि तरीही लोकांनी ते मनापासून पाळले, हे नवल आहे.

बुडवून बाप्तिस्मा देण्याची गोष्ट बघण्यासारखी असते. पाणी असेल तर नदी, नाहीतर हौद. खानदेशात उन्हाळ्याच्या तोंडाशी गिरणा-पांझरेत वाळूच जास्त, म्हणून हे विधी पाण्याचा हंगाम बघूनच ठरतात. पाळक कमरेएवढ्या पाण्यात उभे. उमेदवार पांढऱ्या कपड्यांत, एकेक करून आत येतो. पाळक त्याला विश्वासाचे प्रश्न विचारतात, तो मोठ्याने उत्तर देतो. काठावर नातेवाईक, काही ख्रिस्ती, काही नाहीत. मग एक हात पाठीमागे, एक छातीवर, आणि माणूस मागे झुकवून क्षणभर पाण्याखाली. वर येतो तेव्हा काठावरच्यांनी गाणे सुरू केलेले असते. कोणी टॉवेल घेऊन पुढे होते. नंतर चर्चमध्ये वही उघडते.

त्या वहीकडे येतोच, पण आधी एक उलटसुलट योगायोग सांगायला हवा. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेत सेलम येथे पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, आणि ते दोन जहाजांनी कलकत्त्याकडे निघाले. त्यांतले अ‍ॅडोनिराम जडसन प्रवासभर बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर ग्रीक शास्त्र चाळत बसले. कलकत्त्यात बाप्तिस्टांशी गाठ पडणार, त्यांना तोंड द्यायची तयारी म्हणून हा अभ्यास, झाले भलतेच. कलकत्त्याला पोहोचल्यावर ते आणि ल्यूथर राइस दोघेही बाप्तिस्ट झाले. जडसन ब्रह्मदेशात गेले. ज्यांचे मत बदलले नाही ते गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १२ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले, आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. ब्रह्मदेश बाप्तिस्ट आणि महाराष्ट्र काँग्रिगेशनल, ही वाटणी अशी जहाजावर झाली. हॉल १८२६ मध्ये नाशिकहून परतताना वाटेत पटकीने गेले.

मराठीवर बाप्तिस्टांचे ऋण मात्र त्याआधीचे. विल्यम केरी हा जोडे शिवणारा बाप्तिस्ट पाळक बंगालातल्या, डॅनिश अमलाखालच्या श्रीरामपुरात बसला. १८०५ मध्ये त्याने मराठीचे व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान छापले, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. महाराष्ट्रात मराठी छापखाना नव्हता तेव्हा हुगळीकाठी हे काम चालले होते. केरीच्या नावाचे धडे आपण वाचतो. पण फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित वैजनाथशास्त्री यांच्यावाचून त्यातले पान हलले नसते. ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ ही पुस्तके मराठीत आली त्यांच्या हातून. पंडित मागे, साहेब पुढे, हा घोळ तिथूनच सुरू आहे.

तो घोळ शताब्दीच्या स्मरणिकेत सगळ्यात स्पष्ट दिसतो. अशा स्मरणिकांचा साचा ठरलेला. पहिल्या पानांवर बिशपांचा किंवा अध्यक्षांचा संदेश, मग आमदारांचा, मग नगराध्यक्षांचा. पुढे मिशनरी दांपत्यांचे फोटो, साहेब उन्हाच्या टोपीत, मडम लांब झग्यात, नावे इंग्रजी उच्चाराप्रमाणे नीट लिहिलेली. त्यानंतर पाळकांची यादी, कोण किती साल ते किती साल. शेवटची पाने हार्डवेअर, मंगल कार्यालय आणि एलआयसी एजंटांच्या जाहिरातींची. मधे एखादा गट-फोटो असतो, त्याखाली ‘मंडळीचे जुने सभासद’ एवढेच. त्या फोटोतल्या चाळीस माणसांपैकी एकाचेही नाव नसते.

गावोगाव चालत जाऊन वाचायला शिकवणारा शिक्षक-प्रचारक, ज्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत, त्याचे नाव नसते. दारोदार जाऊन बायकांशी बोलणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या बायबल-बाईंचे तर नसतेच. मिशनरी दर पाच-सात वर्षांनी सुटीवर मायदेशी जाई. त्या वर्षभरात मंडळी या माणसांनीच चालवली. अहमदनगरकडे हे निदान थोडेफार लिहिले गेले. तिथली पहिली मंडळी १८३३ ची, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघू लागले, कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, नारायण वामन टिळकांनी शंभरहून अधिक गीते दिली, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. खानदेशचा मुलगा बालकवी ठोंबरे, धरणगावचा, जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनानंतर टिळकांच्या नगरच्या घरी राहिला, वाढला, आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेला. त्याचे घरातले वागणे आपल्याला कळते ते लक्ष्मीबाईंमुळे. खानदेशच्या मंडळ्यांना लक्ष्मीबाई मिळाल्या नाहीत.

आणि इथे दुष्काळाचा विषय टाळून चालणार नाही. १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ गुजरातेत, वऱ्हाडात, खानदेशात लोकांना उभा जाळून गेला. मिशनांनी अनाथालये काढली. केडगावला रमाबाईंनी मुक्तिसदनात शेकडो मुली आणल्या. त्यानंतर ‘धान्यासाठी बाटलेले’ हे बोलणे ख्रिस्ती माणसाच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या पडत आले. मला हा टोमणा आळशीपणाचा वाटतो. भुकेल्याला गावाने विचारले नाही, मिशनने विचारले, यात लाज कोणाला वाटायला हवी? पण धान्याचा काही संबंधच नव्हता असे स्मरणिकेत लिहिणेही खरे नाही. तेलुगू मुलखात ओंगोलला ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला. तिथे दुष्काळात क्लाउ या बाप्तिस्ट मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याचे काम लोकांना मिळवून दिले होते, आणि दुष्काळ सरेपर्यंत बाप्तिस्मे मुद्दाम थांबवले होते, पोटासाठी आले असे कोणी म्हणू नये म्हणून. तेलुगू बाप्तिस्ट हे सांगायला लाजत नाहीत.

खानदेश-वऱ्हाडात असे हजारांचे लोंढे आले नाहीत. इथे आली ती मुले, अनाथालयातली. आईबाप गेलेले, गाव सुटलेले, कित्येकांना आपले आडनावही सांगता येत नसे. त्यांची वंशावळ सुरू होते ती बाप्तिस्म्याच्या वहीतून. क्रमांक, तारीख, नाव, आईबापांचे नाव, अंदाजे वय, मूळ गाव, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही, शेरा. दुसऱ्या कोणाकडे कुलकर्ण्याचे दप्तर असेल, पंड्याची वही असेल. या घराण्यांकडे एवढीच एक ओळ. म्हणून ती वही वाळवीच्या तोंडी जाऊ देणे हा मला साधा निष्काळजीपणा वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परतले, कारभार इथल्या लोकांकडे आला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झाले, त्यात उत्तर भारतातल्या बाप्तिस्ट मंडळ्यांची परिषदही सामील झाली. तान्ह्यांचा बाप्तिस्मा आणि कळत्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही रिती तिथे मान्य झाल्या. शंभरी मोजणाऱ्यांसाठी तिथे आणखी एक घोटाळा झाला, जुन्या मंडळीचे वय धरायचे की नव्या चर्चचे? अलायन्स मंडळ्या त्या ऐक्यात गेल्या नाहीत. मिशनच्या जागा, कंपाउंड, ट्रस्ट यांवरून ठिकठिकाणी जी भांडणे झाली त्यांवर मी शाई घालवत नाही. एवढेच म्हणतो, की मंडळीचा इतिहास म्हणून कोर्टाचे कागद तेवढे नीट फायलीत लावलेले सापडावेत, ही शोभेची गोष्ट नव्हे.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला गेले आणि लगेच पुढच्या वर्षी ते स्थापन झाले. माळ्यावरचे रुमाल, वाण्याच्या पुड्या, देव्हाऱ्यामागची बाडे या माणसाने दारोदार जाऊन गोळा केली. त्यांच्या नजरेतून मिशनच्या वह्यांची ट्रंक सुटली नसती असे मला वाटते. खानदेशात मोडी कागदाला दिलेला मान चर्चच्या वहीला अजून मिळायचा आहे.

तेव्हा शताब्दी करणाऱ्या मंडळ्यांना विनंती. मांडव घाला, प्रीतिभोजन घाला, बँड लावा, हरकत नाही. पण स्मरणिकेचा निम्मा खर्च बाजूला काढून बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या वह्या पानोपान स्कॅन करून घ्या. तरुण संघाच्या पोरांना मोबाइल घेऊन सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आजींसमोर बसवा. मास्तरांची आणि बायबल-बाईंची नावे त्यांनाच ठाऊक आहेत. जुन्या गट-फोटोखाली जेवढी नावे लागतील तेवढी लावा. एक प्रत मंडळीत ठेवा, एक धुळ्याला द्या. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, पहिल्या मंडळीला २०३३ मध्ये दोनशे वर्षे होतील आणि तेव्हा सगळ्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासाची चौकशी होईल. खानदेशच्या प्रकरणासाठी नावे आतापासून लिहायला घ्या. सांगणाऱ्या आजी तोवर असतील याची खात्री नाही.